नदीकाठी राहुटी कोठे ठोकावी

दिवाळीची सुटी संपून मुले पुन्हा शाळेत जाऊ लागली, शेतांतून तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि पहाटेच्या वेळी अंगावर दुलई ओढून घ्यावीशी वाटू लागली, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या घरांतून नाताळच्या सुटीत कोठे जावे याची चर्चा रात्रीच्या जेवणानंतर सुरू होते. समुद्रकिनारा दूर पडतो, थंड हवेची प्रसिद्ध ठिकाणे गर्दीने गजबजलेली असतात आणि चिखलदरा तर बहुतेकांनी शाळेच्या सहलीपासून पाहिलेला असतो. अशा वेळी घरातील तरुण मंडळींकडून अलीकडे एक सूचना हटकून पुढे येते : सातपुड्यातल्या एखाद्या नदीच्या काठी तंबू ठोकून दोन रात्री काढाव्यात. या सूचनेचे मला मनापासून कौतुक वाटते. ज्या पिढीचे बालपण चार भिंतींत आणि हातातील पडद्यावर सरत आहे, तिला वाहत्या पाण्याजवळ, उघड्या आकाशाखाली, आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या संगतीत दोन रात्री निजावेसे वाटणे ही शुभ गोष्ट आहे. परंतु तो तंबू नेमका कोठे ठोकावयाचा, हा प्रश्न आज आपण जाहिरातीतील छायाचित्रावर किंवा गाडी जेथे थांबेल त्या वाळवंटावर सोडून दिला आहे. आणि जागेची ही निवड ग्रामसभा, तहसील कचेरी व प्रवासाला निघालेले कुटुंब या तिघांनी मिळून, नदीचा स्वभाव ओळखून करावयाची सार्वजनिक बाब आहे, असे माझे निश्चित मत आहे.

राहुटीतला मुक्काम वऱ्हाडाला कोणी बाहेरून येऊन शिकविलेला नाही. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी बहिरमची जी यात्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारी सरेपर्यंत चालते, तिच्यात पिढ्यान् पिढ्या कुटुंबेच्या कुटुंबे राहुट्या ठोकून राहत आली आहेत. मातीच्या हंडीत शिजणारे मटण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, शेकोटीभोवती बसलेले सोयरे आणि पाहुणे, हा सारा संसार कापडाच्या छताखाली मांडण्याची कला ज्या प्रांताला अवगत आहे, त्या प्रांताला मोकळ्यावरच्या मुक्कामाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. भातकुली तालुक्यातील ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी पूर्णेच्या काठी जी यात्रा भरते, तिलाही लोक पूर्वी बैलगाड्या जुंपून, शिदोरी आणि अंथरूण-पांघरूण बांधून जात. वर्धा नदीच्या तीरावरील कौंडण्यपूर हे तर रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या विदर्भाच्या श्रद्धेचे स्थान. नदीच्या काठी कुटुंबासह जाणे, तेथे रांधणे, जेवणे आणि रात्र काढणे, ही या मातीतली जुनी वहिवाट आहे.

आणि त्या वहिवाटीला शिस्त होती. पिण्याचे पाणी वरच्या अंगाला भरावयाचे, जनावरे आणि धुणे खालच्या अंगाला न्यावयाचे, चुली वाऱ्याच्या आडोशाला मांडावयाच्या, हा शिरस्ता कोणी कागदावर लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला चारचौघांत बोल लागत असे. याच ऋणमोचनला डेबूजी जानोरकर नावाचा एक तरुण यात्रेकरूंची वाट नीट करण्यासाठी आणि घाटासाठी राबला, आणि पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राच्या अंतःकरणात जाऊन बसला. ज्याच्या हातात खराटा होता आणि ज्याने देवळांपेक्षा धर्मशाळांना अधिक मोल दिले, त्या पुरुषाचा देहान्तही २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या परिसरातच झाला. परक्या गावी आलेल्या गरीब कुटुंबाला अल्प खर्चात, स्वच्छ आणि निर्भय मुक्काम मिळाला पाहिजे, हा त्यांच्या धर्मशाळांमागचा विचार होता. नदीकाठच्या मुक्कामाविषयी आज जे काही ठरवावयाचे, ते याच विचाराच्या कसोटीला लावून पाहिले पाहिजे.

आता आपल्या नद्यांकडे वळू. बैतुल जिल्ह्यातील सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवाजवळ तापीला मिळणारी पूर्णा ही वऱ्हाडची खरी माय. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी आपल्या वऱ्हाडी कादंबरीला 'पूर्णामायची लेकरं' असे नाव दिले, ते या भूमीच्या नात्याला धरूनच. तथापि पूर्णेविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे सांगावेसे वाटते की, कौटुंबिक राहुटीसाठी तिचा काठ फारसा अनुकूल नाही. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा, त्यातील मचूळ भूजल, पावसाने कापून काढलेल्या खोल घळी आणि पाय रुतवणारी चिकण काळी माती यांमुळे तेथे दिवसाची यात्रा सुखाने होते, पण लहान मुलांना आणि वृद्धांना घेऊन रात्र काढणे अवघड जाते. उलट सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या तालुक्यांत संत्री, केळी, पान आणि पानपिंपरीचे मळे आहेत, तेथे डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी गोटे आणि वाळू आणून टाकलेली असल्यामुळे जमीन निचऱ्याची आहे, पाणी गोड आहे आणि सावली दाट आहे.

त्याच्याही वर, डोंगरात गेल्यावर मेळघाट लागतो. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या अरण्याचे पाणी तापीकडे नेतात, तर दक्षिणेकडील उतारावरून वाण आणि शहानूर यांसारख्या नद्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. यांतील सिपनेच्या काठावरचे कोलकास हे स्थान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना नदीकाठची जागा कशी निवडावी याचा वस्तुपाठ वेगळा देण्याची आवश्यकता नाही. तेथील वनखात्याचे जुने विश्रामगृह पाण्याला लागून बांधलेले नाही. नदी जेथे वळण घेते त्या वळणाच्या वर, उंच टेकाडावर ते उभे आहे. पाणी तेथून दिसते, त्याचा नाद रात्रभर कानी येतो, समोरच्या सागवनात सांबर भुंकले तर ऐकू येते, पण श्रावणातला कितीही मोठा पूर आला तरी त्याचा त्या ओसरीशी संबंध येत नाही. ज्या कोणा अधिकाऱ्याने ही जागा मुक्रर केली, त्याने नदीचे दर्शन आणि नदीपासूनचे अंतर या दोन्ही गोष्टींचा तोल सांभाळला होता. मारुती चितमपल्ली यांच्यासारखा अरण्याचा जाणता लेखक काही काळ याच मेळघाटात अधिकारी होता. कोलकासच्या ओसरीवर बसून पाहणाऱ्याला असे लेखक अरण्यात कसे घडतात हे थोडेफार उमगते.

जागेची निवड करताना सौंदर्याआधी पुराचा विचार का करावयाचा, हे वऱ्हाडच्या सीमेवरच्या माणसांना सांगण्याची गरज पडू नये. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने वरुड तालुक्याच्या पलीकडील तीरावरचे मोवाड हे गाव बुडविले आणि २०४ माणसे नेली. त्याच वर्धेच्या पात्रात वरुड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून एकाच नात्यागोत्यातील अकरा जणांचा अंत झाला. तेल्हारा तालुक्याच्या सरहद्दीवर, वाण नदीच्या काठी, वारी येथे हनुमानाच्या दर्शनास गेलेल्या आणि पोहण्याच्या मोहाने मामा-भाचा डोहात उतरलेल्या तरुणांच्या मृत्यूची वार्ता आपण किती वेळा वाचावयाची? या दुर्घटनांतील कुटुंबांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. त्यांना कोणी वेळीच, ठळक अक्षरांत आणि अधिकारवाणीने सावध केले होते काय, हा प्रश्न मात्र आपण विचारलाच पाहिजे.

डोंगरातील नदीचा पूर मैदानातील पुराप्रमाणे हळूहळू चढत नाही. वर दहा-वीस कोसांवर ढग फुटतो, खाली तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असते, मुले गुडघाभर पाण्यात मासोळ्या पाहत असतात, आणि अशात पाण्याचा रंग पालटतो. प्रथम काडीकचरा आणि सुकी पाने वाहत येतात, मग पाणी गढूळते, मग त्याचा खळखळाट जाऊन त्याला घुमारा येतो. या खुणा ओळखून उठण्यास जो वेळ मिळतो तो एक बिछाना गुंडाळण्याइतकाही नसतो. पायथ्याच्या गावांतले गुराखी शहरी पाहुण्यांना "पान्याचा रंग पाह्यजा, बापा" असे जे सांगतात, त्यात पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. म्हणून राहुटीची जागा पाहताना आधी काठावरच्या झाडांकडे दृष्टी टाकावी. अर्जुनाच्या किंवा करंजाच्या फांद्यांत जेथे गवताचे झुपके, काटक्या आणि चिंध्या अडकलेल्या दिसतील, तेथपर्यंत गतवर्षीचे पाणी चढले होते हे निश्चित समजावे आणि त्याच्या बऱ्याच वर मुक्काम करावा. नदीच्या वळणावर आतल्या बाजूला जी गुळगुळीत वाळू पसरलेली असते, ती निजण्यास मऊ असली तरी नदीची स्वतःची मालमत्ता आहे. बाहेरच्या बाजूची दरड पाणी खालून कोरीत असते. दोहोंच्या वर, जुन्या पुरांनी सोडलेला जो सपाट मळीचा टप्पा असतो, तोच मुक्कामास योग्य.

हिवाळ्यात पाऊस नसतो, मग पुराची धास्ती कशाला, असे कोणी म्हणेल. डिसेंबर-जानेवारीत सिपना आणि वाण या नद्या शांत असतात हे खरे. पण विदर्भाला अवकाळी पावसाचा आणि गारपिटीचा अनुभव नवा नाही. शिवाय वाण, शहानूर, सापन, चंद्रभागा यांसारख्या नद्यांवर आता धरणे उभी राहिली आहेत, आणि मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाला तर तेरा दरवाजे आहेत. धरणाच्या खालच्या अंगाला मुक्काम करणाऱ्याने पाणी केव्हा सोडणार याची चौकशी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात केल्याशिवाय राहुटीची एकही मेख ठोकू नये. हिवाळ्यातील दुसरी गोष्ट थंडीची. रात्री डोंगरावरची गार, जड हवा उतरून दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे पाण्यालगत निजलेल्यांची अंथरुणे दवाने भिजतात आणि त्याच नदीच्या काठी थोड्या उंचीवर असलेल्यांना मात्र थंडी कमी बाधते. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण बरोबर असेल तर एवढ्या थोड्या उंचीचेही मोल फार.

बाकीच्या दक्षता थोडक्यात सांगतो. वाळलेल्या झाडाखाली राहुटी नको. जेथे जनावरांच्या खुरांच्या आणि पंज्यांच्या वाटा पाण्याकडे उतरतात ते पाणवठे त्यांच्यासाठी मोकळे सोडावेत. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. विंचू-सापाचा दंश झाल्यास अचलपूर वा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किती वेळात पोचता येईल याचा हिशेब घरूनच करून निघावे.

या विषयात जगातील ज्या देशाचा दाखला घ्यावा असा देश म्हणजे फ्रान्स. १९३६ साली लेओं ब्लूम यांच्या मंत्रिमंडळाने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली आणि ज्या कुटुंबांनी तोपर्यंत आपल्या गावाची वेस ओलांडली नव्हती, ती सायकलींवर तंबू बांधून नद्यांच्या आणि समुद्राच्या काठी जाऊ लागली. या कुटुंबांना उतरावयास जागा हवी होती, आणि ती पुढे हजारो गावांनी आपापल्या नगरपालिकेच्या वतीने उपलब्ध करून दिली. दॉर्दोन्य, लोत किंवा आर्देश या नद्यांच्या खोऱ्यांत आजही अनेक लहान गावांनी नदीकाठी आपले सार्वजनिक तळ राखले आहेत : सावली, पिण्याचे पाणी, शौचालये, राहुटीसाठी आखलेले तुकडे, आणि माफक भाडे. त्या भाड्याचे पैसे गावाच्या तिजोरीत पडतात, पाव आणि भाजी गावातल्या दुकानांतून विकली जाते, आणि सुटीवर आलेला कारखान्यातला फिटर आणि शाळेतला अध्यापक शेजारी शेजारी राहतात. प्राचीन दुर्ग, उंची मद्ये आणि राजवाडे यांच्याहूनही फ्रान्सच्या ग्रामीण जीवनातील ही साधी व्यवस्था मला अधिक अनुकरणीय वाटते.

परंतु तेथील सुरक्षेचे नियम त्या देशाला दुःखाची किंमत देऊन शिकावे लागले, हेही विसरू नये. १४ जुलै १९८७ रोजी, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्याच दिवशी, आल्प्स पर्वतातील ल ग्रां-बोर्नां या गावी बोर्न नावाच्या ओढ्याने सायंकाळी अकस्मात उग्र रूप धारण केले आणि काठावरच्या तळावरील २३ जीव घेतले. प्रकरण न्यायासनापुढे गेले आणि अशा जागी तळ चालू दिल्याबद्दल ग्रामपालिका आणि शासन या दोघांनाही उत्तरदायी ठरविण्यात आले. पुढे नऊ वर्षांनी, ७ ऑगस्ट १९९६ रोजी, पिरेनीज पर्वताच्या स्पेनकडील बाजूला बिएस्कास येथे एका डोंगरी नाल्याने आणून टाकलेल्या गोट्या-वाळूच्या पंख्यावरच वसविलेला तळ वाहून गेला आणि ८७ माणसे दगावली. पायथ्याच्या अशा पंख्यावर, नाला डोंगरातून बाहेर पडतो त्या मुखापाशी, राहुटी ठोकणे किती धोक्याचे असते, हे सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आपण विशेष लक्षपूर्वक ध्यानी घेतले पाहिजे, कारण आपली भूरचना तशीच आहे. फ्रान्समध्ये आता पुराचा संभव असलेल्या तळांना इशाऱ्याची, माहितीची आणि सुटकेच्या मार्गांची तजवीज करणे कायद्याने भाग आहे. उतरणाऱ्या कुटुंबाला पाणी चढल्यास कोणत्या वाटेने कोठे जावयाचे हे लेखी सांगितले जाते.

आपल्याकडे या बाबतीत काय आहे? महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ही पावले योग्य दिशेने पडली. परंतु धोरणाचा कागद मंत्रालयातून निघून सेमाडोह किंवा पोपटखेड्याच्या काठावर पोचेपर्यंत मध्ये बराच प्रवास उरतो. चिखलदऱ्याला दोन कड्यांना जोडणाऱ्या ४०७ मीटर लांबीच्या काचेच्या आकाशमार्गावर सिडकोचे लक्ष आणि द्रव्य लागले आहे. त्याला माझा विरोध नाही, पण तेवढ्याच उत्साहाचा एक लहानसा अंश जर नदीकाठच्या साध्या सार्वजनिक तळांना मिळाला असता, तर मेळघाटच्या वाटेवरची दहा गावे आणि वऱ्हाडातील हजारो साधी कुटुंबे त्याचा लाभ घेती.

माझी सूचना अशी आहे. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्याबाहेर, पायथ्याच्या पट्ट्यात, ज्या गावांना आपली नदी आणि आपली जमीन आहे, अशा निवडक ग्रामसभांनी एकेक तळ चालवावा. जमिनीसाठी ई-क्लासच्या सरकारी जमिनीचा तुकडा पाहता येईल, परंतु गावाच्या गुरांचा चराईचा हक्क त्याने कमी होता कामा नये, आणि कोणा खासगी ठेकेदाराला तो इजाऱ्याने देऊन टाकता कामा नये. ग्रामसभा असा कारभार करू शकते काय, अशी शंका ज्यांना येते त्यांनी परतवाड्याजवळच्या पायविहीर या गावाकडे पाहावे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने उजाड टेकडी हिरवी केली, आपली सीताफळे स्वतः बाजारात नेली आणि २०१४ साली राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळविला. ज्या गावाला जंगल राखता येते, त्या गावाला वीस राहुट्यांचा तळ आणि त्याचे दप्तर राखता येणार नाही असे मानणे हा त्या लोकांचा अवमान आहे.

जागेची पसंती मात्र ग्रामसभेने एकटीने करू नये. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याने पूररेषा दाखवावी, पटवाऱ्याने ती नकाशावर चढवावी, तहसीलदाराने स्थळपाहणी करून दरवर्षी परवाना नवा करावा, आणि पावसाळ्याचे चार महिने तळ पूर्ण बंद असावा. मोठ्या पुरात पाणी जेथपर्यंत चढले त्या उंचीवर दगडी खुणा रोवाव्यात, त्यांवर सन कोरावा, आणि त्या खुणेच्या खाली एकही राहुटी दिसल्यास तळाचा परवाना रद्द व्हावा. धरणाच्या खालच्या तळांना पाणी सोडण्याची सूचना भोंग्याने आणि फोनने मिळावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम आणि त्याची नेकीने अंमलबजावणी एवढेच पुरेसे आहे.

या सूचनेवर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झालेला मेळघाट हे वाघ, अस्वल आणि गवा यांचे घर आहे. शंभरावर वर्षे लुप्त झाला असे समजला गेलेला आणि १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळाही येथे राहतो. तेथे माणसांची गर्दी का वाढवावी? या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच तळ पायथ्याशी आणि गाभ्याबाहेर असावेत असे म्हणतो. अभयारण्यात ज्यांना राहावयाचे असेल त्यांनी सेमाडोह आणि कोलकास येथील वनखात्याच्या निवासांत, परवानगीने, नियमाने राहावे. जंगलात स्वतःच्या लहरीने तंबू ठोकणे आणि शेकोटी पेटविणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालील अपराध आहे आणि तो अपराधच राहिला पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट मनुष्यांची आहे. वाघांना निर्वेध क्षेत्र मिळावे म्हणून बोरी, कोहा, कुंड, वैराट, अमोना, नागरतास अशी कितीतरी गावे आपली शेते, आपली दैवते आणि आपल्या नद्या सोडून खाली आली, आणि त्यांतील अनेक कुटुंबे आज अकोट व तेल्हारा तालुक्यांत नव्या वसाहतींत राहतात. येथील कोरकू आदिवासींनी आपला नदीकाठ अरण्यासाठी सोडावा आणि आपण शहरवासीयांनी तेथे सुटी घालवावी, ही स्थिती न्याय्य करावयाची असेल तर पायथ्याच्या तळांवरील पहिली कामे आणि पहिले उत्पन्न या विस्थापित कुटुंबांकडे गेले पाहिजे. ज्यांना नदीची भाषा कळते ते तळाचे राखणदार असावेत. वेतन त्यांना योग्य मिळावे. आणि त्यांची नृत्ये पाहुण्यांच्या करमणुकीसाठी संध्याकाळी आठ वाजता मांडण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. होळीच्या दिवसांतला त्यांचा मेघनाथ हा त्यांच्या श्रद्धेचा सोहळा आहे, कोणी बोलाविल्यास आदराने पाहावा.

कुटुंबांकडूनही काही अपेक्षा आहेत. जेवणावळीच्या पत्रावळी पळसाच्या असाव्यात, प्लास्टिकच्या ताट-वाट्या घरीच ठेवाव्यात, आणि ध्वनिवर्धक तर आणूच नये. राहुटीत रात्री ऐकू यावयाचे ते पाणी, रातवा आणि आजीची गोष्ट. मुलांना पोहू देण्याआधी हाताशी दोर आणि पोहता येणारा प्रौढ माणूस असावा, आणि डोहात उतरावयाचे नाही म्हणजे नाही, ही ताकीद वडीलधाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी द्यावी.

पुढील जून महिन्यापूर्वी अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पायथ्याच्या नद्यांची एक पाहणी करून, प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन जागा पुराच्या खुणांसह निश्चित कराव्यात, आणि वारीच्या डोहापाशी तसेच वर्धेच्या घाटांपाशी मराठी, हिंदी आणि कोरकू या तीन भाषांतील ठळक फलक व कायमचा पहारेकरी यांची तजवीज करावी, अशी मी या लेखाद्वारे जाहीर विनंती करतो. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी हा विषय आगामी सभेच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा, आणि ज्या ग्रामसभांना आपला काठ अशा रीतीने खुला करावयाचा असेल त्यांनी ठराव करून तो तहसील कचेरीत दाखल करावा. पहिला ठराव शहानूरच्या काठावरून येतो की वाणेच्या, याची मी उत्सुकतेने वाट पाहीन.